न्हाणीपासून देवखोलीपर्यंत

पुठ्ठा पुन्हा फाडलेला होता. त्याच जागी आणि तसाच.

मी हॉलच्या दारात उभी होते. स्कूटीची किल्ली अजून हातातच होती. शेजारी माझे पेंटर मिस्त्री महबूब भाई उभे होते, आणि आम्ही दोघं खाली बघत होतो. आदल्या दिवशी संध्याकाळी मी गुडघ्यांवर बसून, स्वतःच्या हातानं चिकटवलेलं प्लास्टिक, त्याखालचा पुठ्ठा, त्याखालचा फोम, सगळं कुणीतरी एका पट्ट्यात सोलून काढलं होतं. पट्टा वीतभर रुंद. न्हाणीच्या दारापासून निघून स्वयंपाकघराच्या कडेनं हॉलमध्ये आलेला आणि देवखोलीच्या उंबऱ्याशी थांबलेला. खालची शहाबादी फरशी उघडी पडली होती.

"महबूब भाई, हे कुणी केलं?"

"मॅडम, कालबी तुम्ही मलाच इचारलाव. खुदा कसम, म्या न्हाई. माझी मानसं पाच वाजता गेली. तुमच्याच समोर गेली की."

"मग काय फरशीच वर आली पुठ्ठा फाडून?"

त्यांची दोन माणसं मागं उभी राहून ऐकत होती. घरमालक शरणप्पा सर खिडकीशी खुर्चीत पेपर वाचत बसले होते. मी आवाज चढवला तशी त्यांनी पेपर आणखी वर धरला. मला वाटलं, म्हातारा भांडणाला भितोय.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. आळंदला राहते. पूर्वी मोठ्या साइटवर नोकरी केली, आता तेवीस वर्षं स्वतःचं काम. बीदर आणि कलबुर्गी दोन्ही जिल्ह्यांत, आणि बॉर्डर ओलांडून उमरग्यापर्यंत, राहत्या घरांची डागडुजी आणि रिनोव्हेशन करते. राहतं घर म्हणजे माणसं आत राहतायत, तिथंच जेवतायत आणि वर आमची ठोकाठोक चालू आहे. नवं घर बांधणं त्यापेक्षा सोपं.

राहत्या घराच्या कामात सगळ्यात जास्त मार फरशीला बसतो. चपलेखाली अडकलेला वाळूचा कण सँडपेपरचं काम करतो. वरून पुट्टी पडते, प्रायमर ठिबकतो, शिडीचा पाय घसरतो. आमच्याच जिल्ह्यातल्या शहाबादीचं आणखी एक दुखणं आहे. ती पिते. तेल पिते, रंग पिते. चुन्याचं पाणी प्यायली की पांढरे ढग उठतात आणि मग ते जन्मात जात नाहीत. म्हणून आधी झाकायचं, मग काम. खाली पातळ फोम, नव्या टीव्हीला गुंडाळलेला असतो तो. त्यावर नागमोडी पुठ्ठा, खोक्याचा असतो तसाच, पण रोलमध्ये येतो. तो मी हुमनाबादहून आणते. त्यावर जाड प्लास्टिक. चिकटपट्टी पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडायला लावायची, फरशीला कधीच नाही, कारण तिचा डिंक निघता निघत नाही. वर्तमानपत्र तर अजिबात नको, ओल लागली की शाई उतरते.

शाईचं मी पुस्तकात वाचून शिकले नाही. धंद्याच्या सुरुवातीला एका डाळमिलवाल्या शेठजींच्या घरी काम होतं. पांढराशुभ्र मार्बल. शेठ म्हणाले, प्लास्टिक कशाला, मिलमध्ये रिकामी पोती पडलीत, ती अंथरा. मी हो म्हटलं. पोत्यांवर लाल शाईत मिलचं नाव छापलेलं होतं. मध्येच एक पाइप गळला आणि पोती भिजली. आठ दिवसांनी उचलली तर मार्बलवर मिलचं नाव, उलट्या अक्षरांत, चाळीसेक ठिकाणी. शेठ चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. तेव्हापासून फरशी झाकल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. काम चालू असेपर्यंत मला धड झोप लागत नाही. घरचे म्हणतात, तुझ्या अंगात मुंग्या आहेत.

तर खजुरीचं हे घर. आळंदहून स्कूटीवर अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. घर पस्तीसेक वर्षांचं, स्लॅबचं, शरणप्पा सरांनी नोकरीत असताना बांधलेलं. सर मराठी शाळेतून रिटायर झाले. त्यांची बायको गौराक्का. मुलगा विजयकुमार हैदराबादला कंपनीत मॅनेजर. काम त्यांनीच दिलं होतं. स्लॅबची गळती, वायरिंग, पुट्टी-रंग आणि हॉलला फॉल्स सीलिंग. त्यांना खरं तर सगळीकडे टाइल्स घालायच्या होत्या. पण फोनवर आईबद्दल म्हणाले, "मॅडम, फ्लोअरिंग राहू द्या. अव्वा ऐकत नाही. फरशीला हात लावला तर मी घर सोडून जाईन म्हणते. तुम्ही फक्त एक करा, त्या फरशीला ओरखडा येऊ देऊ नका. मला रोज संध्याकाळी फोटो टाका."

पहिल्यांदा घर बघायला गेले तेव्हा गौराक्का दारात आल्या. साठीच्या पुढच्या, सडपातळ, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची पेटी. लिंगायत घर, त्यामुळे त्याचं मला नवल नव्हतं. "चप्पल उजवीकडं ठिवा, भितीला लावून," म्हणाल्या. मी ठेवली. आत गेल्यावर खुर्ची जरा पुढं ओढली, तर लगेच, "खुर्ची हालवू नका बाई, हाय तिथं बसा." मला वाटलं, बाई शिस्तीची दिसते. चहा त्यांनी स्वतः आणून माझ्या हातात दिला, एक थेंब सांडला नाही. फरशीवर मी मोजपट्टी पसरली तर म्हणाल्या, "त्या फरशीला काय करणार न्हाईत न्हवं?"

"काही नाही करणार अक्का. उलट कापसात ठेवल्यासारखी ठेवीन."

हे वाक्य मी फार ऐटीत बोलले होते.

कामाच्या पहिल्या दिवशी आम्ही फक्त झाकाझाक केली. हॉलमधला मोठा जमखाना, म्हणजे कार्यक्रमाला अंथरतात ती जाड सुती सतरंजी, झटकून घेतला. त्याची कधी घडी घालायची नाही, घडीवर सूत मोडतं. बांबूवर गुंडाळून, जुन्या लुगड्यात बांधून तो वर माळ्यावर ठेवला. मग फोम, पुठ्ठा, प्लास्टिक, भिंतीपासून भिंतीपर्यंत. गौराक्का देवखोलीत बसून होत्या. सर येऊन बघून गेले. "हे कामून घालायलाव?" म्हणाले. "आमच्याकडं काम झालं की फरशी धुतेत. झाकतंय कोन?" मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. संध्याकाळी मी विजयकुमारना फोटो पाठवला. उत्तरादाखल अंगठा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा सोललेला. तो मी पुन्हा चिकटवला आणि महबूब भाईंना बोलले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, म्हणजे ज्या सकाळपासून मी सांगायला सुरुवात केली ती.

त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी प्लायवूडच्या तीन शीट मागवल्या. त्या पट्ट्यावर एकापुढं एक टाकल्या, कडा चिकटपट्टीनं बंद केल्या आणि वर पुट्टीच्या गोण्या ठेवल्या. चाळीस किलोची एकेक गोणी. "आता बघू कोण फाडतंय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. महबूब भाईंनी माझ्याकडं बघितलंही नाही. सर पेपरमागून म्हणाले, "बाई, एवढं वजन कशाला?" मी म्हटलं, "सर, तुमच्याच फरशीसाठी."

घरी आले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. जेवताना वाटलं, एका शीटची कड नीट बसली नव्हती. मग वाटलं, गोणी फुटली तर पुट्टी ओल धरेल. पहाटे चारला जाग आली ती आलीच. उठून बसले, पाणी प्यायले, परत आडवी झाले, परत उठले. शेवटी म्हटलं, जाऊनच बघू. चोर सापडला तर तोही बघू. साडेपाचला निघाले, सव्वासहाला खजुरीत.

दार उघडं होतं. अंगणात सडा पडलेला. मी चप्पल काढून आत पाऊल टाकलं आणि सरांनी खुर्चीतूनच हात वर केला. बोलू नका, अशी खूण.

गौराक्का न्हाणीतून बाहेर आल्या होत्या. ओल्या केसांना फडकं गुंडाळलेलं, अंगावर पूजेचं लुगडं, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. त्या मडीत होत्या. मडी म्हणजे आपलं सोवळं. आंघोळीपासून लिंगपूजा होईपर्यंत त्या कुणाला शिवून घ्यायच्या नाहीत आणि तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. सोवळं-ओवळं न मानणाऱ्या बसवण्णांच्या वाटेनं जाणाऱ्या घरात हे कशाला, म्हणून सर त्यांच्याशी चाळीस वर्षं वाद घालत आले होते. अक्कांनी तो वाद कधी मनावर घेतला नव्हता.

त्या प्लायवूडच्या कडेशी थांबल्या. उजव्या पायाचा अंगठा पुढं करून त्यांनी ती कड चाचपली. मग अंगठा डावीकडं नेला, उजवीकडं नेला. फरशांच्या सांध्याची रेघ सापडत नव्हती. त्यांची नजर समोर भिंतीवर होती, आणि त्या नजरेत काही नव्हतं.

तेव्हा मला कळलं. चप्पल उजवीकडं भिंतीला लावून का ठेवायची, खुर्ची का हलवायची नाही, फरशी का बदलायची नाही, सगळं एकदम कळलं.

सर हळू आवाजात म्हणाले, "गौरा, डावीकडं. आनखी जरा डावीकडं."

पण सर त्यांच्यासमोर, त्यांच्याकडं तोंड करून बसले होते. त्यांचं डावं ते अक्कांचं उजवं. अक्का सांगितल्याप्रमाणे डावीकडं सरकल्या, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि नडगी थेट पुट्टीच्या गोणीवर. मीच ठेवलेल्या गोणीवर.

तांब्या उडाला. मी कशी धावले मला आठवत नाही. मडी-बिडी काही सुचलं नाही. त्यांचा खांदा आणि कंबर माझ्या हातात आली आणि आम्ही दोघी त्या प्लायवूडवर बसल्यासारख्या पडलो. त्यांचं डोकं न्हाणीच्या दगडी उंबऱ्यापासून हातभर लांब होतं. हातभरच. मी नंतर मोजलं.

"कोन हाय?" अक्का म्हणाल्या. मौन मोडलं होतं.

"मी, सुनंदा. इंजिनिअर."

"शिवलाव मला."

"हो अक्का."

"आता परत आंघोळ आली," त्या म्हणाल्या. मग माझ्या दंडाला धरून उठता उठता, "हे वझं तुम्हीच ठिवलाव न्हवं?"

मी हो म्हटलं. मला रडू आलं, ते मी दाबलं नाही.

अक्कांची दुसरी आंघोळ आणि पूजा होईपर्यंत मी आणि सर स्वयंपाकघरात बसलो. पहिल्यांदा सरच बोलले. "बाई, तो पुठ्ठा मी कापत होतो. दाढीच्या ब्लेडनं. तुमची मानसं गेली की. काल तुमच्या गोण्या मला हालल्या न्हाईत."

"मग सांगायचं ना सर! मी महबूब भाईंना दोन दिवस वाट्टेल ते बोलले."

"व्हय. खोटं बोलनाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उबं करायचो. आन् परवा, काल तुम्ही त्या मानसाला बोललाव, मी पेपर तोंडापुढं धरून बसलो." त्यांचे डोळे भरले होते. ते पुसायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

मग सगळं निघालं. काचबिंदू. डाव्या डोळ्यानं पाच वर्षांपूर्वी राम म्हटला, उजव्यानं दोन वर्षांपूर्वी. आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. विजयकुमारना माहीत होतं की आईला कमी दिसतं. किती कमी, ते माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अक्का एका लग्नात मांडवाच्या दोरीला अडकून पडल्या. तेव्हा तो म्हणाला होता, आणखी एकदा पडलीस तर विचारणार नाही, दोघांना उचलून घेऊन जाईन. त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. तेव्हापासून नवरा-बायकोनं ताकास तूर लागू दिली नव्हती. तो आला की अक्का घरभर भराभरा चालायच्या, पोळ्या लाटायच्या, त्याला वाढायच्या.

पूजा आटोपून अक्का बाहेर आल्या. कपाळाचं भस्म ताजं होतं. "सांगितलाव का समदं?" सरांना म्हणाल्या. मग माझ्याकडं तोंड करून, "न्हाणीच्या दारापासनं एक सांदा हाय. सरळ येतोय. चौदा फरश्या. चौदाव्या फरशीचा कोपरा गेलेला हाय, तितं वळायचं. मंग सा फरश्या, की देवखोली. मडीत मला कोन धरनार? म्हनून पायानं जाते. विजूला सांगू नका बाई."

मी लगेच हो म्हटलं नाही. काम विजयकुमारांनी दिलं होतं. क्लायंटपासून काही लपवायचं नाही, हा माझा धंद्यातला नियम. एवढ्या वर्षांत तो मी मोडला नव्हता. पण अक्कांच्या नडगीवर टेंगूळ आलं होतं आणि ते माझ्या गोणीचं होतं.

"नाही सांगणार," मी म्हटलं.

साडेआठला महबूब भाई आले. मी त्यांना अंगणात गाठलं, सगळ्यांसमोर हात जोडले आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. "माफी नक्को मॅडम, आधी चाय पाजा," म्हणाले. चहा पिताना म्हणाले, "अक्काचा रस्ता खुला ठिवायचा, तर मंग काम कसं करायचं?"

तो खरा प्रश्न होता. उघडी वाट सोडली तर वर चाललेल्या कामाचा सगळा कचरा तिच्यावर पडणार. झाकली तर अक्कांची वाट गेली. शेवटी आम्ही असं केलं. ज्या सांध्यावरून त्या चालायच्या, त्याच्या दोन्ही बाजूंची एकेक फरशी धरून तेवढ्या पट्ट्याचं झाकण वेगळं कापलं. त्याचे सात तुकडे. प्रत्येकावर मार्करनं नंबर. चिकटपट्टी फक्त शेजारच्या पुठ्ठ्याला. उघड्या वाटेच्या दोन्ही कडांना पुठ्ठ्याची टोकं तासून उतरती केली, अंगठा अडकू नये म्हणून. सकाळी पूजा झाल्यावर सातही तुकडे अंथरायचे. संध्याकाळी पाचला सगळे उचलायचे, मऊ झाडूनं झाडायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं. वाळूचा कण राहता कामा नये. दिवसा अक्का देवखोलीत नाहीतर स्वयंपाकघरात बसतील, उठायचं झालं तर सर हात देतील. मडी नसताना हात चालत होता.

रोजचा पाऊण तास जास्तीचा. माणसं कुरकुरली. महबूब भाईंनी त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही, पण तिसऱ्या दिवसापासून कुरकुर बंद झाली.

माझी कुरकुर मात्र आतल्या आत चालूच होती. संध्याकाळचा फोटो पाठवला तर वाट उघडी दिसणार. म्हणून मी फोटो दुपारीच काढून ठेवायचे आणि संध्याकाळी पाठवायचे. फोन वाजला की दचकायचे. जे काम मी सगळ्यात चांगलं केलं असं मला वाटत होतं, तेच मी लपवत होते. रात्री कूस बदलताना नवरा म्हणायचा, फरशीला काय झालं? मी म्हणायचे, फरशीला काही नाही झालं.

विजयकुमारना शंका आलीच. "मॅडम, संध्याकाळचे फोटो भर उन्हात कसे काढता?" एवढाच मेसेज. मी उत्तर काय द्यावं याचा विचार करेपर्यंत रविवारी संध्याकाळी पावणेसहाला त्यांची गाडी दारात उभी.

नेमके आम्ही सातही तुकडे उचलून ठेवले होते. वाट देवखोलीपर्यंत उघडी होती. आणि तिच्या मधोमध, प्रायमरचा एक पांढरा थेंब. अंगठ्याच्या नखाएवढा. शिडी हलवताना डब्याच्या कडेवरून पडला असणार, आणि पुसताना आमच्या नजरेतून सुटला.

त्यांना तोच दिसला.

"हे काय मॅडम? इथं झाकलंच नाही? मी एकच गोष्ट सांगितली होती."

"चूक झाली," मी म्हटलं. "माझ्याकडून राहिलं."

"राहिलं? न्हाणीपासून देवखोलीपर्यंत सरळ राहिलं? आणि फोटोत तर सगळं झाकलेलं दिसतं. म्हणजे फोटो खोटे? तुमच्याबद्दल मी काय ऐकलं होतं, आणि..."

त्यांचं बरोबर होतं. तेवीस वर्षांत असं बोलणं मी फक्त डाळमिलवाल्या शेठकडून ऐकलं होतं, आणि तेव्हा खरंच चूक माझी होती. आता तोंड उघडलं की अक्का अकराव्या मजल्यावर. महबूब भाई पुढं होऊन म्हणाले, "साब, गलती माझी," आणि मी त्यांना हातानं मागं सारलं.

"विजू."

गौराक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"बाईला बोलू नको. ती वाट माज्यासाठी हाय. मला दिसत न्हाई."

"माहितीये अव्वा, तुला कमी दिसतं. त्याचा इथं..."

"कमी न्हाई. दिसतच न्हाई. तू आत्ता कुटं हुबा हायस ते तू बोललास म्हनून कळालं."

सरांनी पेपर नव्हता तरी हात तोंडापुढं नेला.

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली."

विजयकुमार आईकडं गेले आणि त्यांनी तिचा हात धरला. "चल. उद्याच चल माझ्याबरोबर. हे असं राहायचं नाही आता."

अक्कांनी हात सोडवून घेतला. रागानं नाही, सावकाश. "धरू नको. धरलास की मला पायाचं कळत न्हाई." मग त्या निघाल्या. सांध्यावर अंगठा ठेवून, पाठ ताठ, एकही पाऊल न चाचरता. चौदाव्या फरशीला वळल्या, देवखोलीत गेल्या, कोनाड्यातली भस्माची डबी उचलली आणि त्याच वाटेनं परत आल्या. मुलाच्या कपाळावर बोट टेकवलं. पहिल्यांदा ते भुवईवर पडलं, मग वर सरकवलं.

"तुज्या घरात मला संडासला जायाचं म्हनलं तरी तुज्या बायकोला हाक मारावी लागंल," त्या म्हणाल्या. "सकाळी, दुपारी, समद्याला. मारू का?"

विजयकुमारांच्या पायात अजून बूट होते. ते त्यांनी तिथंच वाकून काढले, दाराबाहेर नेले आणि उजवीकडं भिंतीला लावून ठेवले. परत येऊन त्या थेंबापाशी बसले आणि नखानं खरवडायला लागले. मी म्हटलं, नखानं नाही निघणार, आणि पिशवीतून लाकडी पट्टी आणि थिनरचं फडकं काढून दिलं. अर्ध्या तासानं डाग गेला. आम्ही दोघं आळीपाळीनं घासत होतो, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "फॉल्स सीलिंग राहू द्या मॅडम. काम लवकर संपवा."

काम नंतर नऊ दिवस चाललं. अक्कांना हैदराबादला नेण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. विजयकुमारांनी नेलं ते फक्त डोळ्यांच्या डॉक्टरकडं, चार दिवसांसाठी. डॉक्टर म्हणाले, आता काही होण्यासारखं नाही. पाचव्या दिवशी अक्का परत खजुरीला. न्हाणी ते देवखोली. आवरण काढलं तेव्हा फरशीवर एक ओरखडा नव्हता, आणि त्याचं मला पूर्वीइतकं काही वाटलं नाही.

फोटोबद्दल मी विजयकुमारांची माफी मागितली. ते "ठीक आहे" म्हणाले. तसं ते ठीक नव्हतंच, क्लायंटला खोटा फोटो पाठवणं हे खोटंच. पण पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी काय करीन, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

आता राहत्या घराचं काम आलं की मी मोजपट्टी काढत नाही. आधी एक पूर्ण सकाळ त्या घरात नुसती बसते आणि कोण उठतं, कुठून कुठं जातं, कशाला धरतं ते बघते. काही लोकांना वाटतं, बाईला दुसरी कामं नाहीत, चहा प्यायला येऊन बसते. वाटू द्या. पुठ्ठा दुपारीही कापता येतो.